शब्दचर्चा: 'गॉथिक'ला मराठीत काय म्हणता, आणि पोच्या त्या घराचं काय करायचं?

ओसरी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटासाठी जुन्या अमेरिकन लेखकांवर, म्हणजे ब्राउन, पो, हॉथॉर्न, मेलव्हिल वगैरे मंडळींवर एक टिपण लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडकलीय. 'गॉथिक'ला मराठी शब्द काय? 'भयकथा' लिहिलं की धारप आठवतात, 'गूढकथा' लिहिलं की मतकरी, दोघंही लाडके आहेत पण मला म्हणायचंय ते जरा वेगळं आहे. आणि नुसतं 'गॉथिक' लिहिलं तर आपल्या लोकांना सीएसएमटी आणि राजाबाई टॉवर आठवतात, अंगावर काटा कोणाच्याच येत नाही. दुसरी पंचाईत 'डार्क रोमँटिसिझम'ची, म्हणजे याच मंडळींच्या माणसाच्या अंधाऱ्या बाजूकडे वळलेल्या लिखाणाला जे नाव देतात त्याची. रोमँटिसिझमला पुस्तकात स्वच्छंदतावाद म्हणतात, त्याला 'कृष्ण' लावला तर थेट गोकुळात पोचतो आणि 'काळा' लावला तर रॉकेलचा धंदा वाटतो. सुचवा काहीतरी.

निशाचर:
ताई, सीएसएमटी आठवतं यात चूक काहीच नाही, शब्द इमारतींवरूनच गोष्टींकडे आलाय. गॉथ ही जुनी जर्मानिक टोळी, पुढे रेनेसान्सच्या इटालियन लोकांनी मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या बांधकामाला 'हे रानटी काम' अशा अर्थानं ते नाव चिकटवलं, म्हणजे शिवीच ती, मग १७६४ मध्ये इंग्लंडात होरेस वॉलपोलनं एका किल्ल्याची गोष्ट लिहिली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक गोष्ट' असं छापलं आणि तिथनं किल्ला, भुयार, शापित घराणं हा सगळा संसार त्या शब्दात मुक्कामाला आला.

पण अमेरिकेत किल्ले आणायचे कुठून? फिलाडेल्फियाच्या चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउननं १७९९ च्या 'एडगर हंटली'च्या प्रस्तावनेत हेच म्हटलंय की गॉथिक किल्ले आणि पोरकट अंधश्रद्धा पुरे झाल्या, इथल्या माणसाला इथलं पश्चिमेचं जंगल आणि इंडियनांशी (म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी) चाललेल्या चकमकी जास्त शोभतील. (इंडियनांनाच भूत करून टाकलं, त्याचा हिशोब वेगळा आहे, पण तो या धाग्यात नको.) त्याच्या आधीच्या वर्षी आलेल्या 'वीलँड'मध्ये तर भूत नाहीच, एक आवाज बदलून बोलणारा माणूस आहे आणि देवाचा आवाज ऐकू आला असं समजून बायकामुलांना मारणारा बाप आहे. मालच बदलला, लेबल तेच राहिलं. माझं मत विचाराल तर 'गॉथिक' तसाच ठेवा, टेबलाला मेज म्हणून कोणाचं भलं झालंय?

जुनी_वही:
+१. पण ते जंगल मराठीत आणताना सांभाळा. 'अरण्य' म्हटलं की आपल्याला ऋषींचे आश्रम दिसतात, हरणं दिसतात. 'रान' म्हणाल तर आमच्या घाटावर 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, दुपारपर्यंत येईल जेवायला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, प्युरिटन म्हणजे कडव्या ख्रिस्ती लोकांना जंगल म्हणजे सैतानाचा इलाखा. हॉथॉर्नच्या १८३५ च्या एका गोष्टीत एक नवं लग्न झालेला तरुण रात्री सेलेमहून जंगलात जातो आणि तिथे सैतानाच्या सभेला गावातले सगळे देवभोळे, अगदी पाद्रीसुद्धा, हजर असलेले बघतो. तिथे मी 'किर्र जंगल' लिहीन. त्या 'किर्र'मध्ये निम्मं काम होतं.

मधली_सुट्टी:
मी या विषयात ढ आहे, पण सेलेम म्हणजे त्या हडळींचं गाव ना?

जुनी_वही:
हडळ नाही हो! हडळ म्हणजे मेलेली बाई. सेलेममध्ये १६९२ साली धरल्या त्या जिवंत बायका होत्या, चेटूक करतात असा आळ घेऊन. तेव्हा चेटकीण म्हणा, खरं तर चेटकीण ठरवलेल्या. १९ जणांना फाशी दिलं, त्यात पुरुषही होते, आणि एका म्हाताऱ्याला तर आरोप कबूल की नाकबूल ते सांगावं म्हणून अंगावर दगड रचून मारलं. त्या खटल्यातला एक न्यायाधीश जॉन हेथॉर्न हा आपल्या लेखकाचा खापरपणजोबा. लेखकानं आडनावात एक डब्ल्यू घालून घेतला तो आजोबांपासून लांब जायला, असं बरेच जण म्हणतात.

आणि याच्यावरून एक शब्द सुचवतो. १८५१ च्या त्याच्या सात गेबलांच्या (गेबल म्हणजे उतरत्या छपराखालची तिकोनी भिंत) घराच्या कादंबरीत एका बड्या असामीला एका साध्या माणसाची जमीन हवी असते, त्या माणसावर चेटकाचा आळ येतो, त्याला फासावर चढवायला हाच बडा माणूस पुढे, आणि मरताना तो गरीब म्हणतो की देव तुला रक्त प्यायला लावील. मग त्याच जागेवर घर उभं राहतं आणि पिढ्यान् पिढ्या भोगतं. इंग्रजीत कर्स. मराठीत सगळे डोळे मिटून 'शाप' लिहितात. अहो, शाप ऋषी देतात, त्यांच्याकडे तपाची ताकद असते. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही त्याचा लागतो तो तळतळाट. जमीन हडपली आणि तळतळाट लागला, हे आपल्याकडे कुठल्याही गावात समजावून सांगावं लागत नाही.

ओसरी:
तळतळाट!! तुम्हाला साष्टांग. लगेच टिपणात घेतला.

निशाचर:
मग 'डार्क'चंही उरकून टाकू. मेलव्हिलनं १८५० मध्ये हॉथॉर्नवर लेख लिहिला, त्यात त्याच्या गोष्टींमधल्या काळेपणाबद्दल भरभरून बोललाय आणि त्या काळेपणाचं बळ कॅल्व्हिनच्या कडक ख्रिस्ती पंथातल्या त्या जन्मजात पापाच्या कल्पनेतून येतं असं म्हणतो. (पुढच्या वर्षी 'मोबी-डिक' अर्पणही हॉथॉर्नलाच केली.) म्हणजे हा 'डार्क' दिवा गेल्यावरचा अंधार नाही. बॉस्टनकडची इमर्सन वगैरे विचारवंत मंडळी माणसाच्या आत देव बघत होती, हे लोक म्हणाले आत डाग आहे. त्यासाठी आपल्याकडे 'काळिमा' आहे की. काळोख बाहेर असतो, काळिमा लागतो. पोला मात्र हा शब्द लावू नका, त्याला पापाशी फारसं घेणं नाही. बॉस्टनच्या त्या थोर मंडळींना तो बेडकांच्या डबक्यावरचे म्हणून चिडवायचा, एवढंच त्याचं तत्त्वज्ञानाशी नातं, चूभूद्याघ्या.

ओसरी:
पोचं तर खरं दुखणं आहे. १८३९ ची ती 'फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'. भाषांतर करायचं नाहीये, नुसतं नाव मराठीत लिहायचंय आणि तेच जमत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: तळ्याकाठी एक जुनं घर, आत शेवटचे दोन वंशज, जुळे भाऊबहीण. बहीण मेली समजून तिला तळघरात ठेवतात, ती जिवंत असते, उठून येते, भावाला घेऊनच पडते, आणि मागोमाग घराला छपरापासून खालपर्यंत जी बारीक भेग होती ती फाकून आख्खं घर त्या काळ्या तळ्यात जातं. गंमत अशी की पो सुरुवातीलाच सांगतो की आसपासचे शेतकरी 'हाउस ऑफ अशर' म्हणायचे तेव्हा त्यांच्या मनात घर आणि घराणं दोन्ही असायचं. आता 'अशर घराण्याचा ऱ्हास' लिहिलं तर पेशवाईचा इतिहास वाटतो आणि इमारत गेलीच. 'अशर हवेलीचं कोसळणं' लिहिलं तर पावसाळ्यातली बातमी.

मधली_सुट्टी:
वाडा? 'वाड्यावरनं निरोप आला' म्हणतात तेव्हा भिंती थोड्याच निरोप धाडतात?

जुनी_वही:
ढ म्हणता आणि बरोब्बर बोलता! त्या शेतकऱ्यांच्या तोंडी वाडाच हवा. पण वाडा म्हटलं की चौक आला, तुळशीवृंदावन आलं, चार भाऊ चार चुली आल्या. या बिचाऱ्यांना फांद्याच नाहीत, वंश नुसता सरळ एका रेषेत उतरत आलेला. शिवाय 'फॉल' राहतोच.

पागोळी:
मी इंग्रजी फारसं वाचत नाही, तुम्ही वर सांगितलेल्या गोष्टीवरनं बोलते, चुकलं तर सोडून द्या. मागे दिवा लावायला कोणी उरलं नाही की आमच्या कोकणात म्हणतात, घर बुडालं. त्यांचं तर खरंच पाण्यात गेलं ना? मग 'अशरांचं घर बुडालं' एवढं पुरे नाही का?

निशाचर:
_/\_ मी इथे वॉलपोल काढत बसलो होतो.

ओसरी:
पागोळीताई, दहा मिनिटं नुसती बघत बसले स्क्रीनकडे. वंश बुडतो, घर बुडतं, आणि शेवटच्या वाक्यात ते तळं त्या तुकड्यांवर गुपचूप मिटतं. इंग्रजीत 'फॉल'मध्ये पाणी नाहीये हो, आपल्या 'बुडणे'मध्ये आहे! इथे मराठी नाव मूळ नावापेक्षा वरचढ वाटायला लागलंय, असं म्हणायला भीती वाटते पण म्हणते.

मधली_सुट्टी:
आमच्या सोसायटीत 'घर बुडालं' म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, बिल्डर पळाला का?

जुनी_वही:
अवांतर: त्याच पोच्या १८४५ च्या कवितेतला रेव्हन म्हणजे कावळा नव्हे, डोमकावळा लिहा, आणि तरीही सांभाळून. गेलेल्या प्रेयसीसाठी झुरणारा माणूस, दारावरच्या पुतळ्यावर येऊन बसलेला काळा पक्षी आणि त्याचं एकच उत्तर, पुन्हा नाही, पुन्हा नाही. आपला वाचक म्हणणार, बाईची काहीतरी इच्छा राहिलीय, म्हणून पिंडाला शिवत नाहीये.

ओसरी:
हाहा, आता ती कविता पूर्वीसारखी वाचता येणार नाही मला. बरं, 'गॉथिक' तसाच ठेवतेय, पहिल्या वाक्यात सीएसएमटीसकट. शेवटचं एक: त्या तळ्याला 'डोह' लिहू का? डोह नदीला असतो म्हणून अडलेय.

पागोळी:
डोह नको, डोहाला वाहतं पाणी येऊन मिळतं. तळंच लिहा, काळं तळं.