कॅनन १डीएक्स मार्क २ वरून मार्क ३: खेळांसाठी फरक किती?

झूमगिरी: माझ्याकडे मार्क २ कॅमेरा आहे, काम बहुतांशी खेळांच्या फोटोंचं. मार्क ३ चा सेन्सरही २० मेगापिक्सेलचाच. मग बदलून हाती काय लागतं? जुनी कार्डं-बॅटऱ्या चालतील?

शटरकाका: मेगापिक्सेल सोडा, बफर बघा, म्हणजे कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो धरून ठेवणारी कॅमेऱ्यातली मेमरी. मार्क २ सीफास्ट कार्डावर सलग १७० च्या आसपास रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो घेतो. सेकंदाला १४ फ्रेमच्या गतीने बारा सेकंदांत दम संपला. मार्क ३ व्ह्यूफाइंडरमधून १६ फ्रेमने हजारावर रॉ घेतो, म्हणजे मिनिटभर बोट उचलायला नको.
पण सीएफ आणि सीफास्ट ही दोन्ही जुनी कार्डं बाद. मार्क ३ चे दोन्ही स्लॉट सीएफएक्सप्रेस टाइप बी, रीडरही नवा लागेल. कार्डावर छापलेला मोठा आकडा बहुधा वाचनाचा असतो, त्याला भुलू नका. सलग लेखनाचा वेग विचारा. दोन्ही स्लॉटवर एकदम रॉ लिहायचं तर कार्डं सारखीच घ्या, नाहीतर हळू कार्डामुळे बफर तुंबतो. बॅटरी एलपी-ई१९ तीच. सीपा या कॅमेरा उद्योग संघटनेच्या मोजणीत मात्र एका चार्जवर १२१० शॉटचे २८५० झालेत.

पॅनिंगवाला: माझ्या मते पैसे वसूल होतात ते फोकसमध्ये. ६१ ऐवजी १९१ पॉइंट, त्यांतले १५५ पर्यंत क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. प्रत्यक्षात किती मिळतील ते लेन्सवर ठरतं. व्ह्यूफाइंडरमध्येही डोकं ओळखून धरतो, त्यामुळे हेल्मेट घातलेला खेळाडू सहसा सुटत नाही.
लाइव्ह व्ह्यूचे (मागच्या पडद्यावर बघून काढतानाचे) २० फ्रेम जाहिरातीत छान दिसतात. तिथे इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर फिरणारी बॅट वाकडी येते आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटरनेही २० मिळतात, तेच ठेवा.

झूमगिरी: एएफ-ऑन या फोकसच्या बटणावरच्या, स्पर्श ओळखणाऱ्या स्मार्ट कंट्रोलरला अंगठा नुसता टेकला तरी पॉइंट सरकतो म्हणतात?

पॅनिंगवाला: सरकतो. मेन्यूत त्याची संवेदनशीलता कमी करा. तरी जमलं नाही तर बंद करा, जॉयस्टिक आहेच. सवय झाली की मात्र पॉइंट या टोकाचा त्या टोकाला न्यायला याच्याइतकं झटपट काही नाही.

शटरकाका: इनडोअर स्टेडियममध्ये अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीपासून वाचवणारी सोय) चालू असेल तर १६ ची गती उतरते. तो बिघाड नव्हे. दिव्याचा उजेड चढेपर्यंत शटर थांबतं. आणि व्हिडिओ करणार असाल तर पूर्ण रुंदीच्या ४के ६०पी (सेकंदाला ६० फ्रेम) मध्ये ऑटोफोकस मिळत नाही, क्रॉप मोड, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरणारा मोड, घ्यावा लागतो.