मदत हवी आहे: अंटार्क्टिका 'डेझर्ट' कसे, हे मुलांना कसे समजावून सांगावे?

सायली_प:
नमस्कार. गुरुवारी माझा पाठ आहे आणि मी एकाच वाक्यावर अडकले आहे. धड्यात 'अंटार्क्टिका इज द लार्जेस्ट डेझर्ट इन द वर्ल्ड' असे वाक्य आहे. डेझर्ट म्हणजे वाळवंट, असे मी फळ्यावर लिहिले आणि वर्ग तिथेच थांबला. एका मुलीने अंटार्क्टिकाच्या नकाशावर पिवळा खडू घासून ठेवला, कारण वाळवंट पिवळे असते. दुसऱ्याने विचारले, "बाई, बर्फ म्हणजे पाणीच ना? मग ते कोरडे कसे?" मला उत्तर देता आले नाही. कोशातल्या व्याख्या माझ्याजवळ आहेत. मुलांना पटेल असे काही असेल तर कृपया लवकर सांगावे.

सह्यकडा:
इयत्ता कोणती, माध्यम कोणते, आणि तास भूगोलाचा की इंग्रजीचा? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

शब्दवेल्हाळ:
मुलांकडून स्पेलिंग आधी पक्के करून घ्यावे. वाळवंटाच्या 'डेझर्ट'मध्ये एकच एस असतो, तर जेवणानंतरच्या गोड पदार्थाच्या 'डिझर्ट'मध्ये दोन असतात. गोड पदार्थ पुन्हा मागावासा वाटतो म्हणून एस दोनदा येतो, असे सांगितले की मुले विसरत नाहीत. माझ्या मुलाने परीक्षेत याच शब्दावर गुण गमावले होते.

सायली_प:
स्पेलिंगची अडचण नाही. इयत्ता पाचवी, मराठी माध्यम, इंग्रजीचे पूरक वाचन. गुरुवारला दोनच दिवस उरले आहेत.

निवृत्त_गुरुजी:
सायलीताई, शाळा कोणत्या भागात आहे? मी हे सहज विचारत नाही. मुले 'वाळवंट' हा शब्द कुठे ऐकतात, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

सायली_प:
पंढरपूरजवळ. हे सांगण्याची गरज आहे असे मला वाटले नव्हते.

निवृत्त_गुरुजी:
मग अडचण तुमच्या फळ्यावरच आहे. तुमच्या मुलांचे वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट. तिथे वाळू आहे, शेजारी नदी वाहते आहे, आणि आषाढीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आपला शब्द वाळूवरून आला आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र लॅटिनमधला 'सोडून दिलेले, ओसाड' हा अर्थ आहे आणि त्यात वाळूचा उल्लेखही नाही. म्हणून गुरुवारी 'डेझर्ट म्हणजे वाळवंट' हे पुसून 'डेझर्ट म्हणजे जिथे पाऊस किंवा हिम फार थोडे पडते असा प्रदेश' असे लिहावे.

त्यानंतर प्रत्येक मुलाला पट्टी काढायला सांगावी. वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो त्या प्रदेशाला सर्वसाधारणपणे डेझर्ट म्हणतात. २५० मिलिमीटर म्हणजे २५ सेंटिमीटर, अर्थात तीस सेंटिमीटरच्या पट्टीत मावेल एवढा. पंढरपूरकडे पाऊस कमीच, तरी तो याच्या दुपटीहून अधिक असतो. महाबळेश्वरचा पाच मीटरहून अधिक पाऊस दाखवायला वर्गाची भिंत पुरणार नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षभरात पडणारे हिम वितळवून मोजले, तर ते पाच सेंटिमीटरहूनही कमी भरते. ती खूण प्रत्येकाने आपापल्या पट्टीवर बोटाने दाखवावी.

मस्कतवासी:
मी अठरा वर्षे ओमानमध्ये आहे. इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण मस्कतच्या आजूबाजूला दिसतात ते उघडे, तपकिरी, खडकाळ डोंगर आणि गोट्यांनी भरलेले कोरडे ओढे, ज्यांना इथे वादी म्हणतात. वाळूच्या टेकड्या बघायला पाहुण्यांना गाडी काढून शरकिया भागात न्यावे लागते. सहारातही वाळूने झाकलेला भाग साधारण एक चतुर्थांशच असून बाकीचा बराचसा दगडगोट्यांचा आहे. मुलांना आधी उष्ण पण खडकाळ डेझर्टचे छायाचित्र दाखवावे. वाळू मनातून गेली की बर्फाला जागा होईल.

सह्यकडा:
गुरुजींचा मान राखून सांगतो, निव्वळ २५० मिलिमीटरचा नियम अपुरा आहे. पाऊस किती पडतो याबरोबर बाष्पीभवन किती होते हेही पाहावे लागते. कोपेन यांच्या हवामान वर्गीकरणात अंटार्क्टिकाचा अंतर्भाग शुष्क गटात येत नाही, तो ध्रुवीय हिमाच्छादित गटात येतो. शिवाय किनाऱ्यालगत, विशेषतः अंटार्क्टिक द्वीपकल्पावर, हिमवृष्टी बरीच अधिक असते. मुलांना अर्धवट शिकवू नये.

निवृत्त_गुरुजी:
तुमचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला बाष्पीभवनाचा ताळेबंद आधी आणि पट्टी नंतर, हा क्रम मला मान्य नाही. पट्टी समजलेला मुलगा पुढे आठवी-नववीत कोपेनही समजून घेईल.

सह्यकडा:
क्रमाबद्दल माझा आग्रह नाही. 'बर्फ म्हणजे पाणीच ना' या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून कोणीच दिलेले नाही, आणि वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. तिथे हिम थोडेच पडते, पण पडलेले जवळजवळ वितळतच नाही. मातीच्या गल्ल्यात रोज एकच रुपया टाकला आणि गल्ला कधीच फोडला नाही, तर तो भरतोच. तसे लाखो वर्षे साठत तिथल्या बर्फाची सरासरी जाडी जवळजवळ दोन किलोमीटर झाली आहे. साठा मोठा आहे, आवक नगण्य आहे. १९८३ मध्ये व्होस्टोक या रशियन तळावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. इतक्या थंड हवेत बाष्प फारसे मावतच नाही, त्यामुळे हिमही फारसे पडत नाही.

गोंयकार_भाऊ:
वास्कोतील ध्रुवीय संशोधन केंद्राचा उल्लेख वर्गात जरूर करावा. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती. आज तिथे मैत्री आणि भारती हे आपले दोन तळ आहेत.

सायली_प:
सर्वांचे मनापासून आभार. आज पाठ झाला. मी फळ्यावरचा 'वाळवंट' पुसला तेव्हा मुले गोंधळली, पण पट्टीवर पाच सेंटिमीटरची खूण केल्यावर गलका झाला. मुले पट्ट्या एकमेकांच्या पट्टीला लावून बघत होती. पिवळा खडू घासणाऱ्या मुलीने नकाशा स्वतःहून पुसला आणि 'अंटार्क्टिका इज अ डेझर्ट बिकॉज इट गेट्स व्हेरी लिटल स्नो' हे वाक्य न पाहता लिहिले. गल्ल्याचे उदाहरण बर्फाच्या प्रश्नाला पुरले. आता तोच मुलगा विचारतो आहे, की तिथे गोडे पाणी वाहत नसेल तर पेंग्विन पितात काय? सोमवारी उत्तर द्यायचे आहे.

सह्यकडा:
हिम खातात आणि समुद्राचे खारे पाणीही पितात. डोळ्यांच्या वर असलेली ग्रंथी रक्तातले जादा मीठ बाहेर काढते आणि ते चोचीवाटे ठिबकते. फळ्यावर पेंग्विनचे डोके मोठे काढून ग्रंथीची जागा दाखवावी.