पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड घरीच टाकायचेत, कोणते घेऊ?

केळीपट्टा
राम राम मंडळी. आपली बोलेरो पिकअप आहे, केळीची भाडी मारतो, जास्त करून रावेर-सावदा भागातला माल जळगावला आणि मधून मधून चाळीसगाववरून कन्नड घाट चढून संभाजीनगरला. सध्या पुढच्या डाव्या चाकातून चींऽऽ असा बारीक आवाज येतोय, हळू ब्रेक दाबला की येतो, जोरात दाबला की बंद. गाडी कुठे ओढत नाही. पॅड संपत आले एवढं कळतंय, पण टाकून वर्षही झालं नाही हो.

दुकानात गेलो तर त्याने काउंटरवर डबेच मांडले. एक कंपनीचा, एक नावाजलेल्या मेकचा, एक सिरॅमिक लिहिलेला चकचकीत, म्हणे हा टाक मग बघायलाच नको. अजून एक बिननावाचा होता निम्म्याहून कमी भावात, तो दाखवला आणि माझं तोंड बघून परत ठेवला. गॅरेजवाला म्हणतो पॅडसोबत डिस्क पण टाकावी लागेल. माझा विचार आहे गाडी खळ्यात लावून स्वतःच टाकायचे, पाने आहेत, जॅक आहे, टायर तर नेहमी मीच बदलतो. वडील म्हणतात बाकी काही खोल पण ब्रेकला हात लावू नको. तुम्ही काय म्हणता? आणि सिरॅमिकला खरंच एवढा फायदा आहे का?

पाना_पक्कड (धुळे)
तो आवाज म्हणजे पॅडवरची इंडिकेटरची पत्ती डिस्कला घासतेय बहुतेक. ती मुद्दाम दिलेली असते, मसाला (पॅडच्या प्लेटवरचा घासणारा थर) संपत आला की ओरडायला. अजून लोखंडावर लोखंड आलेलं नाही, तसं असतं तर खर्रर्र आवाज आला असता आणि जोरात दाबल्यावर बंद झाला नसता. पण आता घाटाचं भाडं घेऊ नको.

डिस्कचं म्हणशील तर गॅरेजवाल्याने मोजून सांगितलं का नुसतं बघून? डिस्कवरच कुठेतरी मिनिमम थिकनेसचा आकडा कोरलेला असतो, मधल्या भागावर नाहीतर काठावर, तारेच्या ब्रशने गंज काढ म्हणजे दिसेल. व्हर्नियरने मोज, पण काठाला जी उभी धार राहते ती सोडून आतल्या बाजूला मोज, नाहीतर जाडी जास्त दाखवेल. आकड्याच्या वर आहे, तडा नाही, ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत नाही, तर डिस्क कशाला बदलतो. बारीक रेषा असतातच. नखाला चांगलीच अडकेल अशी खोल चर असेल तर लेथवाल्याकडे ने, पण कट मारल्यावर पण त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे.

सातपुडा_एक्सप्रेस
मी माझ्या कारला सिरॅमिक टाकले, एक नंबर. आवाज नाही, रिमवर काळी धूळ नाही. डोळे झाकून घे.

पाना_पक्कड (धुळे)
@सातपुडा कारचं वेगळं भाऊ. रिमवर धूळ बसते म्हणून पिकअपवाल्याची झोप उडत नाही. लोडिंगच्या गाडीला पहिला ब्रेक कसा धरतो आणि गरम झाल्यावर किती धरतो एवढंच बघायचं. कंपनी ज्या मसाल्याचा देते तोच घ्यायचा, लोडिंगला बहुतेक सेमी मेटॅलिक असतो, त्यात लोखंडाचे तंतू, तांबं असं धातूचं प्रमाण साधारण ३० ते ६५ टक्के, उष्णता पटकन ओढून घेतो आणि मार सहन करतो. थोडा आवाज करतो, डिस्क थोडी जास्त खातो, ते चालतं. सिरॅमिक वाईट नाही, पण तुझ्या मॉडेलसाठी, तुझ्या लोडसाठी कोणत्या चांगल्या मेकने तो काढलाय का ते बघ, नुसत्या डब्यावर सिरॅमिक छापून काही होत नाही.

कंपनीचा घे नाहीतर राणे, टीव्हीएस गर्लिंग, बॉश असं काहीतरी घे, पार्ट नंबर जुळवून घे, आणि पक्कं बिल घे. याच नावांचे डुप्लिकेट पण फिरतात, छपाई पुसट, भाव फारच उतरलेला असेल तर सोड. बिननावाच्यात मसाला प्लेटवरून सुटून येतो, एवढं सांगतो.

आप्पा_शिरपूर
पाना बरोबर बोलना. भाऊ, ब्रेकना बाबतमा कंजुषी करू नको, तुनी गाडी आन तुना जीव दोन्ही त्यावरच से.

बाकी मराठीत सांगतो सगळ्यांना कळेल असं. मी बिजासन घाट किती वर्षं उतरतोय विचारू नका. पॅड कोणताही टाक, उतारावर न्यूट्रलला सोडून डिझेल वाचवणाऱ्याचे पॅड टिकत नाहीत. ज्या गियरमध्ये चढला त्याच गियरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, दाब, वेग पाड, सोड, थंड होऊ दे. आणि मोठ्या ट्रकवाल्यांनी हा धागा वाचून घरी पाने काढू नका. आपल्या एअर ब्रेकच्या गाडीला ड्रम आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे, पॅडसारखेच), मागच्या बूस्टरमध्ये हँडब्रेकची दाबलेली स्प्रिंग असते, ती चुकून खोलली तर माणूस मारते. ते काम मिस्तरीचंच. पिकअपचे पुढचे पॅड हे घरी होण्यासारखं काम आहे.

केळीपट्टा
आप्पा, पाना दादा धन्यवाद. सेमी मेटॅलिकच घेतले, नावाजलेल्या मेकचे, पार्ट नंबर जुळवून. आज फक्त बघायला म्हणून डावं चाक काढलं. बाहेरच्या पॅडवर अजून बराच मसाला आहे पण आतला पॅड जवळजवळ प्लेटला टेकलाय. असं एकच बाजूचं कसं काय? उजव्या चाकाचे दोन्ही सारखेच झिजलेत. म्हणजे डावीकडचेच बदलू का?

पाना_पक्कड (धुळे)
नाही नाही, पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

आतला जास्त गेला म्हणजे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबून धरणारा चिमटा, सरकत नाहीये. ज्या दोन पिनांवर तो मागेपुढे होतो त्या जाम झाल्यात. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, मग कॅलिपर सरकून बाहेरच्याला ओढून आणतो, असं काम असतं. पिन जाम असली की आतलाच पॅड सगळं काम करतो. म्हणजे तुझे पॅड खराब नव्हतेच, नवे टाकून पिन तशीच ठेवली तर पुढच्या हंगामात हाच धागा परत वर येईल 😄

आता काम कसं करायचं ते लिहितो, घाई करू नको. खळ्यात लावणार म्हणतोस, तर आपल्या काळ्या मातीत जॅक खचतो, वरून कडक दिसते आणि वजन आलं की एका बाजूने बसते. जाड फळी टाक खाली, नाहीतर सरळ डांबरी नाहीतर कोब्यावर लाव. मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी (सरकू नये म्हणून ठोकळे), गियरमध्ये, हँडब्रेक ओढून. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले कर. आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको, चेसिसखाली स्टँड नाहीतर लाकडाचा भक्कम ठोकळा दे, विटा रचू नको, वीट फुटते. एका वेळी एकच बाजू खोल, म्हणजे कुठलं काय कसं बसतं ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. मोबाईलवर फोटो पण काढून ठेव.

कॅलिपर काढला की होज पाईपवर लटकू देऊ नको, तारेने वर बांध. ब्रेक ऑइलची टाकी उघडून आधी लेव्हल बघ. पिस्टन मागे ढकलला की ऑइल वर येतं, टाकी काठोकाठ असेल तर सांडेल आणि बॉडीचा रंग घालवेल, सांडलंच तर लगेच पाण्याने धू. पिस्टन जुना पॅड मध्ये ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाब, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नको, डिस्कला आणि रबरी बुटाला लागतं. दाबताना फारच अडलं, किंवा बुटाखाली ओलं दिसलं, तर तिथेच थांब, किट बदलायचं काम आहे, ते मिस्तरीकडे.

पिना बाहेर काढ, जुनं ग्रीस पुसून काढ, गंजाचे खड्डे पडले असतील तर पिनच नवीन घे, फार महाग नसते. ग्रीस ब्रेकचंच सिलिकॉनवालं लाव. बेअरिंगचं ग्रीस रबर फुगवतं, आणि मग पिन परत जाम. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचं बोट पण लागता कामा नये. नवीन डिस्कला तेल असतं, जुनीला तुझ्या हातचं ग्रीस, ब्रेक क्लीनरने पुसून घे. धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नको, त्यात काय असेल सांगता येत नाही, जुन्या मसाल्यात अ‍ॅस्बेस्टॉसही असायचं. ओल्या फडक्याने पूस, तोंडाला रुमाल बांध.

आणि सगळं बसवल्यावर गाडी चालू करायच्या आधी, हलवायच्या तर नक्कीच आधी, पेडल मारत राहा जोपर्यंत कडक होत नाही. पहिले काही वेळा पेडल खाली जाणारच, पिस्टन मागे गेलाय ना. हे विसरून गाडी काढणारा समोरच्या गोठ्यात जाऊन थांबतो.

सातपुडा_एक्सप्रेस
ऑइल पण बदलायचं का मग? माझ्या मेकॅनिकने सांगितलं डॉट ५ टाक, सगळ्यात भारी.

पाना_पक्कड (धुळे)
नाही रे बाबा, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, त्यामुळे जुनं झालं की उकळायची मर्यादा खाली येते, डॉट ३ कोरडं असताना २०५ डिग्री आणि पाणी पिलेलं १४०, डॉट ४ चं २३० वरून १५५ वर. मे महिन्यात जळगावची हवा, त्यात लोड, त्यात घाट. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल एकदम रिकामं जातं. दोनेक वर्षांत बदलत जा. पण पॅड बदलताना बदललंच पाहिजे असं नाही, आणि निपल खोलून एअर काढायला दोन माणसं लागतात, जमत नसेल तर नुसते पॅड टाक, ऑइल गॅरेजला.

आप्पा_शिरपूर
मी एक वेगळंच विचारतो. केळीपट्टा भाऊ, गाडीला मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेत का?

केळीपट्टा
हो आप्पा, एक जादा पाटा आहे. घेतली तेव्हाच टाकला, आमच्याकडे सगळेच टाकतात. त्याचा पुढच्या पॅडशी काय संबंध?

आप्पा_शिरपूर
संबंध से ना भाऊ. खूप पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा रॉड अ‍ॅक्सलला जोडलेला. लोड घातला की मागची बॉडी बसते, रॉड हलतो, व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, मग तो मागच्या ड्रमला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असताना कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता तू पाटा टाकला म्हणजे लोड घालूनही गाडी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी अजून रिकामीच. मागचा ब्रेक अर्धवट मारतो आणि सगळा भार पुढच्या पॅडवर. पॅड वर्षभरात उडाले यात पाट्याचाही हात असू शकतो, पिना तर आहेतच.

पाना_पक्कड (धुळे)
आप्पा मानलं तुम्हाला. मी पण पिनांवरच थांबलो होतो. केळीपट्टा, गाडीखाली बघ असा रॉड आहे का, काही मॉडेलला नसतो. असला तर घरी अंदाजाने फिरवू नको हां, जास्त फिरवलास तर रिकाम्या गाडीत पावसात मागची चाकं घसरतील. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची सेटिंग असते, जो मिस्तरी मोजून करतो त्याच्याकडेच ने.

केळीपट्टा
पॅड बसले. दोन्ही बाजू. डाव्या बाजूची खालची पिन हातोडीच्या ठोक्यांनीच सुटली, गंजून काळी पडली होती, नवीन टाकली. डिस्क मोजली, आकड्याच्या वर आहे, तशीच ठेवली. वडील बाजेवर बसून बघत होते, काम संपल्यावर स्वतःच पेडल दाबून बघितलं, म्हणाले ठीक आहे. गाडीखाली रॉड पण आहे, आप्पा म्हणतात तसाच. आता पॅडला थोडा जळका वास येतोय आणि ब्रेक अजून नीट पकडत नाही, नॉर्मल आहे का?

पाना_पक्कड (धुळे)
थोडा वास पहिल्यांदा येतो. मसाला डिस्कवर बसायला वेळ लागतो. रिकामी गाडी घे, सकाळी लवकर फैजपूर यावल रोडला ट्रॅफिक नसताना, ५० वरून हळूहळू १० पर्यंत आण, पूर्ण थांबवू नको, परत वेग घे, मध्ये थोडं थंड होऊ दे, असं बऱ्याचदा कर. लगेच लोड आणि घाट नको. आणि थोडं चालवल्यावर चाकाचे नट परत टाईट कर, समोरासमोरचे एकाआड एक. वास गेला नाही, किंवा एकच चाक गरम राहत असेल, तर ते चाक वर उचलून हाताने फिरवून बघ, मोकळं फिरलं पाहिजे.

सातपुडा_एक्सप्रेस
आमच्या काकाच्या गाडीला पण जादा पाटे आहेत. मागचा ब्रेक काम करतो का नाही हे खोलल्याशिवाय कळतं का?

आप्पा_शिरपूर
अंदाज येतो. भरलेली गाडी घाट उतरून खाली उभी केली की चारही चाकांजवळ तळहात ने, टेकवायचा नाही, जळशील. पुढचं जास्त तापतंच, ते ठीक. पण लोड असून मागचे ड्रम नुसते कोमट असतील तर समज मागे काम होत नाहीये, मग लायनर, सिलेंडर, तो व्हॉल्व्ह, सगळं बघून घे.