फिलिपिन्समधल्या टीमवर पाळत ठेवणं म्हणजे नेतृत्व का?

हिशेबनीस_मेलबर्न

मेलबर्नमध्ये माझी छोटी बुककीपिंग फर्म आहे. मी इथे, बाकी सगळी टीम फिलिपिन्समध्ये: तिघी सेबूत, दोघे इलोइलोत. इथल्या हिशेबनिसांत आणि गृहकर्ज दलालांत ही पद्धत आता सर्रास झाली आहे. घड्याळाचा फरक दोन-तीन तासांचाच, इंग्रजी चांगलं, हिशेबाची सॉफ्टवेअर त्यांच्या हातात बसलेली.

परवा आमच्या मराठी व्यावसायिकांच्या बैठकीत एका गृहस्थांनी सल्ला दिला, "लांबच्या माणसावर डोळा ठेवला नाही तर तो डोक्यावर बसतो. दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट काढणारा ट्रॅकर लावा." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे साफ अमान्य आहे.

माझी माणसं कामचुकार नाहीत. अडचण वेगळीच आहे: वाईट बातमी मालकापर्यंत वेळेत येत नाही. "समजलं का?" विचारलं की "येस सर" येतं. समजलं नसलं तरी येतं, कारण वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, आणि चारचौघांत चूक काढली की माणूस मिटून जातो. मग एखाद्या क्लायंटचं बँक स्टेटमेंट वहीशी जुळत नाही, ४१२ डॉलरचा फरक सस्पेन्स खात्यात (न जुळलेली रक्कम तात्पुरती टाकायच्या खात्यात) पडून राहतो आणि तिमाही बीएएस, म्हणजे इथलं कराचं विवरणपत्र, भरायची २८ तारीख तोंडावर आली की उघडकीला येतो. त्या सगळ्या काळात ट्रॅकर हिरवाच असतो. ते काम करणारी बाई खरोखरच स्क्रीनसमोर बसून तो फरक शोधत असते!

म्हणून मालकाचा पहिला गुण माझ्या मते हा, की त्याला अडचण सांगायची भीती कुणालाच वाटू नये. मी "झालं का?" असं विचारत नाही. "या आठवड्यात कुठल्या क्लायंटचं काम मागे पडेल?" असं विचारतो. त्याला "येस सर" हे उत्तर चालतच नाही. चुकीबद्दल बोलायचं ते फक्त दोघांच्या कॉलवर, कौतुक मात्र सगळ्यांसमोर. आणि डिसेंबरात तेरावा पगार, म्हणजे एका महिन्याचा जादा पगार. १९७५ च्या राष्ट्राध्यक्षीय हुकूम क्र. ८५१ नुसार तिथल्या नोकरदारांना तो २४ डिसेंबरच्या आत मिळतो. माझी माणसं कंत्राटावर आहेत, त्यामुळे माझ्यावर सक्ती नाही. तरी मी देतो.

रोखठोक_पुणे

असहमत. माझं ऑफिस पुण्यात, काम अमेरिकन ऑनलाइन दुकानांच्या कस्टमर सपोर्टचं, टीम दावाओत. मी ट्रॅकर वापरतो आणि मुलाखतीतच तसं सांगतो. ज्याला नको तो येत नाही.

तुमच्या कामाला आठवडाभराची सवड असते. आमच्याकडे चॅटवर ग्राहक ताटकळत असतो आणि बिल तासावर निघतं. एकदा क्लायंटने तक्रार केली की अमुक मुलीने दोन तास तिकिटांना (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदींना) हातच लावला नाही, तिचे पैसे कापा. ट्रॅकरची नोंद काढून दाखवली: त्यांच्याच मॅनेजरने तिला परताव्यांच्या कामाला लावलं होतं. नोंद नसती तर मी तिच्या बाजूने कशाच्या जोरावर बोललो असतो?

दुसरं, मला या प्रेमळ मालकांचीच जास्त काळजी वाटते. "आपण सगळे एक कुटुंब" म्हणायचं आणि रविवारी रात्री मेसेज टाकायचा. जी मुलगी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, ती त्या मेसेजलाही नाही म्हणू शकत नाही. माझ्याकडे पाळी संपली की लॉगइन बंद होतं. कामाचे तास, दर आणि सुट्ट्या कागदावर असतात. माझ्या लेखी नेतृत्व ते.

माजी_मकातीकर

रोखठोक दादा, रविवारच्या मेसेजचं अगदी पटलं. ट्रॅकरचं नाही.

मी मनिलातल्या मकातीत एका बीपीओत होते आणि सेबूची टीमही माझ्याकडे होती. १६ डिसेंबर २०२१ ला ओडेट वादळ आलं. सेबूच्या काही भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पाण्यासाठी, पेट्रोलसाठी, एटीएमसमोर रांगा. तुमचा ट्रॅकर अशा वेळी काय दाखवणार? गैरहजर. आमच्या एका टीम लीडरने मॉलमधल्या जनरेटरवर फोन चार्ज करून पहिला मेसेज कोणता टाकला असेल? "सॉरी मॅम, आज लॉगइन जमणार नाही." घराचं छप्पर उडालं होतं, ते त्याने तिसऱ्या मेसेजमध्ये सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

फिलिपिन्सच्या हद्दीत वर्षाला सरासरी २० वादळं येतात. तिथे टीम ठेवणाऱ्या मालकाने याची तयारी जून उजाडण्याआधीच करायला हवी. सगळी माणसं एकाच बेटावर नकोत. प्रत्येकाकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि एक बॅटरी बॅकअप हवा, आणि त्याचा खर्च मालकाचा. पगासा या तिथल्या हवामान खात्याने दोन नंबरचा इशारा दिला की काम बंद आणि त्या दिवसाचा पगार चालू, हे आधीच लेखी कळवलेलं असावं. मग कुणाला छप्पर उडालेलं असताना "सॉरी मॅम" लिहावं लागत नाही.

आणि दादा, तुमची टीम अमेरिकेच्या वेळेवर काम करते म्हणजे रात्रभर जागते. तिथल्या कामगार कायद्यात रात्री १० ते सकाळी ६ साठी किमान १० टक्के जादा दर आहे. तुमच्या कागदावर तो आहे का?

कष्टकरी

तिघांचंही वाचलं. मनापासून सांगतो, खरा प्रश्न अजून कुणी काढलेलाच नाही. ही माणसं वर्षानुवर्षं तुमच्याच वेळेवर, फक्त तुमचंच काम करतात, मग ती "कंत्राटदार" कशी?

याने काय फरक पडतो ते बघा. तिथल्या सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे एसएसएसचा, दर २०२५ पासून १५ टक्के आहे. नोकरी असेल तर त्यातले १० मालक भरतो, ५ कामगार. स्वतंत्र काम करणारा असेल तर पूर्ण १५ त्याच्याच खिशातून. आरोग्य विम्याची, फिलहेल्थची, तीच गत. हिशेबनीस साहेब, तुमचा तेरावा पगार चांगलाच आहे, पण तो तुमच्या मर्जीवर आहे. पुढच्या वर्षी धंदा मंदावला तर ती मुलगी तो मागू शकेल का? वाईट बातमी सांगायला जी कचरते, ती हक्काचं तरी कशी मागणार? आपल्याकडेही १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे किमान ८.३३ टक्के ठरले, म्हणजे हिशेबाने वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगारच. तेव्हाही मालक म्हणायचे, आम्ही दिवाळीला खुशीने देतोच की. खुशीवर सोडून भागत नाही म्हणून तर कायदा झाला.

हिशेबनीस_मेलबर्न

कष्टकरी, मर्जीचा मुद्दा बिनतोड आहे. तेरावा पगार करारात घालतो, आणि एसएसएसमधला मालकाचा १० टक्क्यांचा वाटा महिन्याच्या रकमेत वेगळा दाखवून देतो. ते काम या तिमाहीतच करतो. नोकरीवर घ्यायचं तर तिथे कंपनी काढावी लागेल किंवा मधला एम्प्लॉयर (आपल्या वतीने त्यांना कागदोपत्री नोकरीवर ठेवणारी तिथली कंपनी) नेमावा लागेल. पाच माणसांच्या फर्मला पहिलं झेपणारं नाही, दुसऱ्याचा दर काढतोय.

रोखठोक, तुमच्या परताव्यांच्या गोष्टीत मुलीला वाचवलं ते कामाच्या नोंदीने. कोणतं तिकीट कुणाकडे होतं हे तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसतं. त्यासाठी तिच्या पडद्याचे फोटो कशाला? पाळी घरून असते. त्या फोटोत तिच्या आईचा मेसेजही येतो, बँकेतली शिल्लकही येते.

रोखठोक_पुणे

ताई, रात्रीचा १० टक्के दर माझ्या कागदावर वेगळा नाही, एकत्रित दरात धरलेला आहे. वेगळा दाखवायला हरकत नाही, दाखवीन. वादळाचा नियम तसाच्या तसा उचलतो.

स्क्रीनशॉटबद्दल मात्र मत बदललेलं नाही. निदान तीन क्लायंटच्या करारात ती अट आहे. ती काढायला सांगितली तर काम दुसरीकडे जाईल आणि त्या कामावर दावाओतली अकरा घरं चालतात. फोटो मी आणि टीम लीडर सोडून कुणी बघत नाही, महिन्याने पुसले जातात. हिशेबनीस, ती अट नसलेला क्लायंट सपोर्टच्या धंद्यात तुम्हाला माहीत असेल तर जरूर कळवा.