तळहात भाजलेल्या लहान मुलाची बोटे आखडू नयेत यासाठी काय करावे?

प्रश्न
माझ्या तीन वर्षांच्या मुलाचा उजवा तळहात गरम इस्त्रीवर टेकून खोलवर भाजला होता. जखम भरली आहे. मात्र व्रण जाड आणि लालसर होऊ लागला असून करंगळी व अनामिका आत ओढली जात आहेत. रात्री स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) बांधायला आणि बोटांना ताण द्यायला सांगितले आहे, पण हाताला स्पर्श केला तरी तो रडतो. हे किती काळ करावे लागते, आणि त्याच्या कलाने घेत काही दिवस थांबले तर चालेल का?

प्रतिसाद : ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी उपचार देणारे तज्ज्ञ)
कलाने जरूर घ्यावे, पण थांबू नये. जखम वरून भरली तरी खालचा व्रण पुढे कित्येक महिने आकसत राहतो. तो निवायला साधारणपणे १२ ते १८ महिने आणि काही मुलांमध्ये त्याहूनही अधिक काळ लागतो. स्प्लिंटचा आकार नीट पाहून घ्यावा. तळहात भाजला असेल तर पंजा पूर्ण उघडा, बोटे सरळ व एकमेकांपासून दूर आणि अंगठा बाहेरच्या बाजूला राहायला हवा. हाताची मागची बाजू भाजल्यावर बोटांच्या मुळाशी असलेले सांधे वाकवून ठेवणारा जो स्प्लिंट देतात, तो इथे उपयोगाचा नाही.

ताण देण्यापूर्वी मलम लावून व्रण हलक्या हाताने चोळावा. मग मनगट आणि बोटे एकत्रच मागे न्यावीत, कारण व्रण अनेक सांध्यांवरून जात असेल तर एकेक बोट सरळ करून तो पुरेसा ताणला जात नाही. व्रण फिकट पांढरा दिसू लागला की तिथेच थोडा वेळ धरावे. झटका मुळीच देऊ नये. रडणे वेदनेमुळे असेल, तर व्यायामाआधी वेदनाशामक देण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. दिवसा मात्र खेळ हाच खरा व्यायाम आहे : भिंतीवर रंगाचे पंजे उमटवणे, मोठा चेंडू दोन्ही तळव्यांनी ढकलणे, हातांवर भार देऊन रांगणे.

प्रतिसाद : एक पालक
आमच्या मुलीला दाब देणारा हातमोजा दिवसाचे जवळजवळ २३ तास घालायला सांगितला होता. मुलांचा हात वाढतो आणि कापड सैल पडते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे लागते. बोटांची टोके निळसर किंवा थंड वाटली, तर मोजा काढून लगेच दाखवावे. बाहुलीलाही तसाच मोजा शिवून दिल्यावर मुलीचा विरोध बराच कमी झाला.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. हल्ली तो सगळे डाव्या हातानेच उचलतो. हे चिंतेचे आहे का?

प्रतिसाद : ऑक्युपेशनल थेरपिस्ट
याकडे दुर्लक्ष करू नका. दोन्ही हात लागतीलच अशी कामे द्या : मणी ओवणे, डबीचे झाकण फिरवणे, कागद फाडणे. हाड वाढते, पण व्रण तितका वाढत नाही; म्हणून आता बोटे सरळ झाली तरी वाढीच्या वयात ती पुन्हा ओढली जाऊ शकतात आणि तपासणी काही वर्षे चालू ठेवावी लागते. एवढे करूनही सांधा अडला, तर शस्त्रक्रियेने व्रण मोकळा करता येतो, मात्र त्यानंतरही स्प्लिंट आणि व्यायाम पुन्हा करावेच लागतात.