मदत हवी आहे : इन्व्हर्टरची जुनी बॅटरी सुधारावी की लिथियम घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमचे घर सिंधुदुर्गात असून पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडली की वीज तासन्‌तास येत नाही. घरात १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेची, आम्लाची ट्यूब्युलर बॅटरी पाच वर्षांपासून आहे. दोन पंखे, दोन एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर असा सुमारे १८० वॅटचा भार ती पूर्वी सहा-सात तास सहज ओढत असे. आता दीड तासातच इन्व्हर्टर ओरडू लागतो.

डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी घातले आहे (एकदा वडिलांनी नळाचे पाणी घातले होते, हे कबूल करायला हवे). रात्रभर चार्ज करून हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) तपासले, तेव्हा बॅटरीच्या सहापैकी पाच सेलमध्ये (कप्प्यांमध्ये) १.२४ च्या आसपास, तर एका सेलमध्ये जेमतेम १.१५ इतकी घनता आढळली. दुकानदार नवीन बॅटरीच घ्या म्हणतो, जे त्याच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे.

असा एखादा मागे पडलेला सेल जास्त वेळ हळूहळू चार्ज करून कोणाला सावरता आला आहे का? आणि बदलायचीच झाली, तर १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी माझ्या जुन्या, केवळ आम्लाच्या बॅटरीसाठी बनवलेल्या इन्व्हर्टरवर, त्याचा चार्जिंग व्होल्टेज बदलता येत नसताना, सुरक्षितपणे चालेल का? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगावे.