डोंगराच्या पायथ्याशी राहायला जावं का? हौस आपली, भुर्दंड कुणाला?

पायवाट

आम्हा दोघांचंही काम आता कुठूनही करता येतं. मागे कसलेही हप्ते नाहीत. चढाई आणि डोंगरातलं पळणं हे वेड जुनं आहे. त्यापायी सुट्टी आली की गाडी काढायची, अर्धा दिवस रस्त्यात घालवायचा आणि रात्री पेंगत परत यायचं, असं चाललंय. मग पायथ्याच्या गावीच राहायला का जाऊ नये?

माझं मत सरळ आहे: जावं. गाडी कमी चालेल, म्हणजे धूर कमी. शिवाय जो तिथे राहतो तो त्या डोंगराची काळजी घेतो. दोन दिवस येऊन जाणारा घेत नाही. परवडेल का, हा माझा प्रश्न नाही, ते आम्ही बघून घेऊ. असं करणं योग्य आहे का, यावर बोलूया.

उंटावरचा शहाणा

हिशेब अर्धाच मांडलाय तुम्ही. सुट्टीची फेरी वाचेल, कबूल. पण शहरात तुम्ही चालत किंवा बसने जी कामं उरकता, त्यातल्या निम्म्या कामांना तिथे गाडी लागेल. चारही बाजूंनी वाऱ्याला उघडं असलेलं सुटं घर तापवायला, दोन्हीकडे शेजारी असलेल्या फ्लॅटपेक्षा बरंच जास्त इंधन जातं. नातेवाईक शहरात राहणार, म्हणजे लग्नकार्याला, आजारपणाला प्रवास आलाच. आणि माझं निरीक्षण सांगतो, रागावू नका. जो रोज डोंगर बघतो तो सुट्टीत दुसरे डोंगर बघायला विमानाने जातो.

दुसरं, जमीन. उतारावरचं गाव म्हणजे पुष्कळदा जुन्या दरडीवर वसलेलं गाव. जोशीमठबद्दल १९७६ सालीच मिश्रा समितीने सांगून ठेवलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर उभं आहे, जड बांधकामं आवरा. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले. वरून पाणी मुरतंय, खालून भार वाढतोय, आणि आपण अंगणातून शिखर दिसतंय म्हणून घर पसंत करणार!

कातळ

जोशीमठचा दाखला इथे गैरलागू आहे. तिथे कुणी हौसेने पळायला गेलेलं नव्हतं. यात्रेचं, लष्कराचं गाव, त्यात हॉटेलं, सांडपाण्याची धड सोय नाही, शेजारी जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा. यातलं नक्की कशाने किती बिघडलं यावर अजून वाद आहे. ते सगळं दोन गिर्यारोहकांच्या डोक्यावर कशाला?

तुम्ही ‘डोंगर’ म्हटलं की लगेच रानातला एकटा बंगला डोळ्यांसमोर आणता. इन्सब्रुक बघा. ऑस्ट्रियातलं चांगलं मोठं शहर, ट्राम आहे, विद्यापीठ आहे, आणि शहराच्या मध्यातून हुंगरबुर्ग रेल्वे आणि पुढे केबलकार धरली की साधारण वीस मिनिटांत १९०५ मीटर उंचीवरच्या सेग्रुबे स्थानकाला. स्वित्झर्लंडमधल्या त्सेरमाटमध्ये तर पेट्रोलच्या गाड्यांना गावात येताच येत नाही, गाडी खाली टेश गावात ठेवून रेल्वेने वर यायचं. जायचं की नाही यापेक्षा कुठल्या प्रकारच्या वस्तीत जायचं, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं आहे.

धुकं

मोठ्या शहरालाही दुसरं दुखणं असतं. डोंगरांच्या वाटीत वसलेल्या शहरावर हिवाळ्यात उबदार हवेचं झाकण बसतं. थंड हवा खाली अडकते आणि तिच्यात गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर साठत जातो. अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत हे दर हिवाळ्यात होतं. आल्प्समधल्या शामोनी गावाच्या खालची आर्व्ह नदीची दरी फ्रान्समध्ये याच कारणाने बदनाम आहे. बर्फाच्या ओढीने लोक येतात आणि खाली शहरात मास्क लावून फिरतात.

सॉल्ट लेकचं आणखी एक आहे. २०२२ मध्ये शहराजवळच्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराची पातळी नोंदी सुरू झाल्यापासून सगळ्यात खाली गेली. डोंगरातून येणारं पाणी शेती आणि शहरं मधल्या मध्ये उचलतात, तळ उघडा पडतो आणि त्या धुळीत आर्सेनिक आहे. एवढं होत असताना २०२३ मध्ये तिथल्या राज्याच्या वाहतूक खात्याने लिटल कॉटनवुड दरीत सुमारे १३ किलोमीटरची केबलकार निवडली. ती जाणार कुठे, तर दरीच्या टोकाच्या दोन स्की रिसॉर्टपर्यंत. गर्दीत गाड्या तुंबतात हे खरंच आहे. पण करदात्याच्या पैशाने आधी कुणाची वाट सुकर होते, ते बघा.

भाडेकरू

इथे सगळे धूर मोजतायत, माणसांबद्दल कुणीच बोलत नाही. मी डोंगरातल्या एका पर्यटनगावात काम करतो. राहतो मात्र दरीपलीकडे, कारण गावात मला झेपेल असं घर उरलेलं नाही. ज्या घरात आधी होतो ते मालकाने दोन-दोन रात्रींसाठी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्याचाही दोष काय काढणार? त्याला एका आठवड्यात माझं महिन्याचं भाडं सुटतं.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातली टेटन काउंटी (म्हणजे जिल्हा) घ्या. तिथली सुमारे ९७ टक्के जमीन सरकारी आहे: राष्ट्रीय उद्यानं, वनं, एल्क हरणांचं अभयारण्य. उरलेल्या ३ टक्क्यांत सगळी वस्ती. दरडोई उत्पन्नात ही काउंटी अमेरिकेत वर्षानुवर्षं वरच्या टोकाला आहे आणि विषमतेतही. जॅक्सन या तिथल्या मुख्य गावात कामाला येणारे कितीतरी लोक टेटन पासचा घाट ओलांडून शेजारच्या आयडाहो राज्यातून येतात. ८ जून २०२४ ला त्या घाटातला रस्त्याचा एक भराव अख्खा खचला. तात्पुरता वळणरस्ता तयार व्हायला जवळपास तीन आठवडे गेले. तोवर या माणसांनी लांबच्या रस्त्याने, एका फेरीला तासाहून जास्त जादा घालवून, कामावर जायचं.

आता पायवाट यांचा मुद्दा यावर घासून बघा. तुम्ही पायथ्याशी राहायला आलात, तुमचं पेट्रोल वाचलं. तुमच्या येण्याने भाडं चढलं, म्हणून हॉटेलातला आचारी घाटापलीकडे गेला आणि आता तो रोज गाडी चालवतो. तुम्ही वाचवलेलं पेट्रोल तोच जाळतोय. शिवाय तुम्ही आठवड्यातून एकदा जायचात, तो रोज जातो.

पायवाट

चढत्या भाड्याचं पाप एकट्या आमच्या माथी कसं? मी ते घर घेतलं नाही म्हणजे ते आचाऱ्याला मिळेल, असं थोडंच आहे? वर्षातून चार आठवडे कुलूप उघडणारा कुणीतरी घेईल. त्यापेक्षा बारा महिने राहणारा, तिथेच कर भरणारा, ग्रामसभेत जाणारा माणूस बरा नाही का?

उपायही आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ ला जनमत घेऊन ठरलं की कुठल्याही गावात दुय्यम घरं २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. म्हणजे कायदासुद्धा कायम राहणारा आणि सुट्टीपुरता येणारा यांत फरक करतो. कॅनडातल्या व्हिसलर या स्कीच्या गावाने १९९७ मध्ये घरांसाठी स्वतंत्र संस्थाच काढली. तिच्या घरांच्या विक्रीची किंमत बांधलेली, आणि ती गावात काम करणाऱ्यांनाच.

उंटावरचा शहाणा

तो स्विस निकाल ५०.६ टक्क्यांनी निसटता लागला होता, आणि पळवाट त्यातच आहे. त्या तारखेच्या आधीपासून उभी असलेली घरं नियमातून मोकळी. नवं सुट्टीघर बांधता येत नाही म्हटल्यावर पैसेवाल्याची नजर गावातल्या जुन्या घराकडे वळते. म्हातारा-म्हातारी गेली, वारसांनी विकलं, गेलं घर.

भाडेकरू

आणि व्हिसलरच्या रांगेत वर्षानुवर्षं लोक उभे असतात. कॅनडातल्याच बान्फचा नियम मला जास्त पटतो. गाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, जमीन सरकारची, आणि तिथे राहायचं तर तिथे राहण्याची गरज दाखवावी लागते: मुख्यतः उद्यानातली नोकरी किंवा धंदा. ‘मला डोंगर आवडतो’ हे कारण चालत नाही. पायवाट, तुमचा पगार बाहेरून येतो. त्या नियमाने तुम्ही बाहेर.

कातळ

मग ते बाहेर राहिलेले सगळे उद्यानाच्या हद्दीपलीकडे कॅनमोरला जमले, तिथली घरं महागली आणि वस्ती जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सरकली. भिंत बांधली की पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं, एवढंच. बान्फकडून घ्यायचं तर हमरस्त्यावरचे जनावरांसाठीचे पूल घ्या. कुंपण आणि पूल आल्यावर जनावरांचे अपघात ८० टक्क्यांहून जास्त घटले.

टिटवी

जनावरांचा विषय निघालाच आहे तर पायवाट यांना एक विचारते. पायथ्याशी राहिल्यावर तुम्ही पळायला कधी जाणार? कामाआधी आणि कामानंतर. म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, कपाळावर दिवा लावून. हरणं, गवे, अस्वलं चरायला नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. सुट्टीची गर्दी वाईट, पण ती दुपारी असते आणि दोन दिवसांत सरते. रोज जाणारा माणूस त्या कळपाला रोज उठवतो. बर्फाच्या प्रदेशात तर हिवाळाभर जनावर अंगातल्या चरबीवर तगून असतं. तिथे एक-एक धाव महागात पडते.

‘जो राहतो तो काळजी घेतो’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. वाटेवरचा कचरा तो उचलेल. पण स्वतःची वाट चार महिने बंद ठेवा म्हटलं, की पहिली सही त्याचीच असते, विरोधात.

खडूस

एक शंका. गुडघे गेल्यावर काय करणार? पन्नाशीनंतर डोंगर खिडकीतून बघायचा आणि हृदयविकाराच्या डॉक्टरसाठी घाट उतरायचा, असा बेत आहे का?

पायवाट

खडूसबुवा, गुडघे शहरातही जातात!

टिटवी यांचा मुद्दा मात्र मला टोचलाय. ऋतूनुसार वाटा बंद ठेवण्याचा नियम असेल तर मी पाळेन. नियम नसेल तिथे स्वतःहून पहाट सोडेन की नाही, खात्री देत नाही. तीच तर वेळ हवी असते.

बाकी ऐकून बेत असा होतोय: सुटा बंगला नको. ट्राम-बस असलेलं शहर, जुन्या इमारतीतला लहान फ्लॅट, तोही भाड्याने, आणि गाडी विकायची. यात कुणाचं काय बिघडलं?

भाडेकरू

गाडी विकलीत तर आनंदच आहे. पण भाड्याने राहिलं की हात झटकले, असं होत नाही. मोठ्या शहराच्या पगारातून तुम्ही मालक म्हणेल तो आकडा घासाघीस न करता द्याल, आणि पुढच्या वर्षी अख्ख्या इमारतीला तोच आकडा लागेल. घर ठरवण्याआधी एवढं करा: आधीचा भाडेकरू का गेला ते विचारा.

पायवाट

कुठला मालक हे खरं सांगेल?

भाडेकरू

तो नाहीच सांगणार. जिन्यात भेटेल त्या शेजाऱ्याला विचारा. आणि तो माणूस आता कुठून कामाला येतो, तेही.